मऊ तोंडाचा कुत्रा

फेझंटची मान कशी पिरगळायची हे मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकलो, बेसिंगस्टोकपासून पंचवीस मिनिटांवरच्या एका शेतात, भुरभुर पावसात. पक्षी कोंबडीएवढाच असतो, शेपूट मात्र हातभर लांब. डोकं दोन बोटांत धरायचं, खाली ओढायचं आणि ओढता ओढता मागे वळवायचं. पहिल्या वेळी मी अर्धवट ओढलं. पक्षी माझ्या हातात फडफडत राहिला आणि डोळे मिटत-उघडत राहिला. शेजारी उभ्या असलेल्या कीपरनी तो माझ्याकडून घेतला, क्षणात संपवला आणि म्हणाले, "दया येत असेल तर लवकर उरक. रेंगाळणाऱ्याच्या हातून हाल होतात."

कीपर म्हणजे त्या रानाचे रखवालदार. सत्तरी ओलांडलेला माणूस. इंग्रजीत सगळ्यांनाच एक सर्वनाम पुरतं, पण माझ्या मनात ते पहिल्या दिवसापासून अहो-जाहोतले होते, आणि मराठीत लिहितानाही ते तसेच राहतील.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको पोट धरून हसली. "पुण्यात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढून मला हाका मारायचास तू. आणि आता मुंड्या मुरगाळतोयस?" तिचं खरं होतं. पण मला त्या रानात काय सापडलं होतं ते तिला कसं सांगणार! मी या गावात सोळा वर्षं राहत होतो. बिझनेस पार्कमध्ये नोकरी, हाताखाली नऊ माणसं, कोपऱ्यावरचं घर. शेजारी हवेबद्दल बोलायचे आणि कचऱ्याच्या डब्यांबद्दल. सोळा वर्षं सगळे माझ्याशी अत्यंत सभ्यपणे वागले. मग एका शनिवारी मी रानाकडेच्या पायवाटेनं फिरत असताना कीपरनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काठी धरता येते का? आज एक माणूस कमी आहे." मी काठी धरली. दुपारी गवताच्या गोठ्यात सूप पिताना त्या लोकांनी माझ्या नारिंगी जॅकेटची इतकी टिंगल केली की मला रडूच यायचं बाकी होतं. आनंदानं. इतक्या वर्षांत कुणी माझी टिंगल केली नव्हती.

ही शिकार कशी असते ते थोडक्यात सांगतो. कीपर उन्हाळाभर फेझंटची पिल्लं वाढवतात, दाणा घालतात, कोल्ह्यापासून जपतात आणि मग रानात सोडून देतात. हिवाळ्यात आठ माणसं बंदुका घेऊन रानाच्या एका बाजूला रांगेत उभी राहतात. दुसऱ्या बाजूनं आम्ही हाकारे झाडांच्या बुंध्यांवर काठ्या आपटत चालत येतो. पक्षी भिऊन उडतात, बंदूकवाल्यांच्या डोक्यांवरून जातात आणि गोळी लागून पडतात. इतकंच. यातलं खरं काम कुत्र्यांचं असतं. आमच्याबरोबर झुडपात शिरून पक्षी उठवणारे कुत्रे वेगळे. लॅब्रडॉर बंदुकीशेजारी चिडीचूप बसून राहतात, कुठला पक्षी कुठे पडला ते डोक्यात ठेवतात आणि सोडलं की जाऊन घेऊन येतात. आणि आणायचा तो असा, की पिसाला दाताची खूण नको. याला म्हणतात मऊ तोंड. आणलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या बरगड्या कीपर अंगठ्यानं चाचपून बघायचे. बरगडी मोडलेली निघाली तर तो कुत्रा बाद.

काही पक्षी मरत नाहीत. पंख मोडतो, आणि ते जमिनीवरून पळत सुटतात. अशा पक्ष्यालाही कुत्रा शोधून जिवंत आणतो. ओरखडासुद्धा उठत नाही त्याच्या अंगावर. त्या अख्ख्या रानात फेझंटला कुठे धोका नसेल तर तो कुत्र्याच्या तोंडात. तिथून तो माणसाच्या हातात येतो आणि मग संपतो.

कीपरची कुत्री काळी कुळकुळीत, सात वर्षांची. तिच्या आईची आई, तिची आई, असं मागे मागे जात ती थेट कीपरच्या वडिलांच्या कुत्रीपर्यंत पोचायची. त्यांच्या घरात माणसांचे फोटो दोन आणि कुत्र्यांचे अकरा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्या कुत्रीच्या अलीकडच्या वेतातला एक पिल्लू-कुत्रा त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता, चौदा महिन्यांचा. आईच्या नंतर तोच त्यांच्या शेजारी बसणार होता. त्याला नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते नाव घ्यायचा हक्क माझा राहिलेला नाही.

ऑक्टोबरात कीपरचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. कुत्री शेजारच्या रानाच्या रखवालदाराकडे गेली, तिचं शिक्षण झालेलं होतं. तरुण कुत्र्याचं मात्र अर्धवट राहिलं होतं, आणि दहा कुत्र्यांच्या गलक्यात तो बिघडेल अशी त्यांना भीती. एका शनिवारी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू शांत माणूस आहेस. पाच आठवडे नेशील का त्याला घरी?"

बायकोला न विचारता मी हो म्हटलं. सोळा वर्षांत या देशात कुणी माझ्या हातात काही जिवंत सोपवलं नव्हतं.

नियम त्यांनी बोटांवर सांगितले. फडकं धरून ओढाओढी खेळायची नाही, त्यानं तोंड कडक होतं. सारखा चेंडू फेकायचा नाही. सोफ्यावर चढवायचं नाही. आणि धमाका होऊ द्यायचा नाही. या शेवटच्या नियमापाशी ते थांबले. बंदुकीचा आवाज कुत्र्याला जपून द्यावा लागतो, म्हणाले. आधी जेवणाच्या वेळी लांबून दोन फळ्या वाजवायच्या, म्हणजे त्याच्या मनात आवाज आणि अन्न एकत्र बसतं. मग तीन शेतं पलीकडून बंदूक, मग दोन. तो आता दोन शेतांवर आला होता. आवाज झाला की बसायचं आणि आकाशाकडे बघायचं, इतकं त्याला पक्कं समजलं होतं. "पुढचं मी माझ्या हातानं करीन. आणि पाच नोव्हेंबर लक्षात ठेव."

पाच नोव्हेंबर म्हणजे इंग्रजांच्या फटाक्यांची संध्याकाळ. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल केला. पडदे ओढायचे, रेडिओ मोठा ठेवायचा, डिशवॉशर लावायचा, सगळं त्यात बारीक अक्षरांत लिहून ठेवलं.

बायकोनं पहिले दोन दिवस तोंड पाडलं होतं. तिसऱ्या दिवशी ती पोळ्या करत असताना मी फ्रिजमधून एक कच्चं अंडं काढून त्याच्या तोंडात दिलं आणि तिच्याकडे बोट केलं. तो ओट्यापाशी गेला, तिच्यासमोर बसला आणि मान वर करून थांबला. तिनं पिठाचा हात पुढे केला. त्यानं त्यात अंडं ठेवलं. तडासुद्धा नाही.

"अगं बाई!" ती म्हणाली. "तुला तर सुपरमार्केटमधून धड डझनभर आणता येत नाहीत." त्या दिवसापासून त्याला तूप लावलेली पोळी मिळायला लागली, आणि हे नियमात बसत नाही असं म्हटलं की मलाच ऐकून घ्यावं लागायचं.

दिवाळी त्या वर्षी ऑक्टोबरअखेर आली. दरवर्षी आम्ही वेम्बलीला माझ्या मावसभावाकडे जातो. तो तीस वर्षं तिथेच आहे, पाठीमागे लांबलचक बाग आहे. मी आता जे सांगणार आहे ते मूर्खपणाचं वाटेल, पण तसंच घडलं. फटाके म्हटलं की माझ्या डोक्यात पाच नोव्हेंबर होता, लाल गोलातला. दिवाळी म्हटलं की चकल्या, उटणं, वहिनीचे अनारसे, इलिंग रोडवरची गर्दी. दिवाळीतही फटाके असतातच. लहानपणापासून माझ्या कानात ते इतके मुरलेत की तो आवाज म्हणून मी कधी मोजलाच नाही. परक्यांच्या फटाक्यांपासून मी कुत्र्याला जपत होतो आणि आपल्याकडच्यांपाशी स्वतः गाडीत घालून घेऊन गेलो.

त्याला घरी दिवसभर एकटं ठेवता येत नव्हतं, हे कारण मी सगळ्यांना दिलं. दुसरं कारण मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मला मिरवायचं होतं. दुपारभर मी बागेत त्याच्याकडून माझी चप्पल आणवली, वहिनीचा चष्मा आणवला, शेवटी अंडंही आणवलं. पंचवीस माणसं टाळ्या वाजवत होती. मावसभाऊ म्हणाला, "काय ट्रेन केलायस रे, superb!" मी केलेलं नव्हतं. पण मी ते बोललो नाही.

सहाला अंधार पडला. घरात रांगोळी आणि वहिनीचा पांढरा गालिचा, म्हणून मी त्याला कपडे वाळत घालायच्या खांबाला बांधलं होतं. मावसभावानं गॅरेजमधून एक मोठं खोकं आणलं. "This year काय आणलंय बघ. शंभर शॉट्स, एकदा पेटवला की बघत राहायचं." खांबापासून सात-आठ पावलांवर त्यानं ते हिरवळीवर ठेवलं. माझ्या हातात चिवड्याची बशी होती. मी भावाला ते ठेवताना पाहिलं. वाकून पेटवताना पाहिलं. आणि मी हसत होतो.

पहिला बार झाला आणि कुत्रा बसला. शिकवलं होतं तसा, ताठ, आकाशाकडे बघत. पक्षी कुठे पडतोय ते तो शोधत होता. दुसऱ्यालाही बसलेलाच होता, तिसऱ्यालाही. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणायला कधी पाठवतोस म्हणून. काहीच पडत नव्हतं. वरून फक्त आवाज येत होता आणि थांबत नव्हता. साधारण दहाव्या बाराला तो उठला आणि दोरीला हिसडा देऊन किंचाळला. कुत्रा असा किंचाळू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी बशी टाकून धावलो, पण ते खोकं थांबवता येत नाही, आणि ते माझ्या आणि त्याच्या मधे होतं. तोवर दोन्ही बाजूंच्या बागांमधूनही सुरू झालं. त्यानं खांब वाकवला, गळपट्ट्यातून मान सोडवली आणि पळाला.

कचऱ्याच्या डब्यांच्या मागे सापडला. लघवीनं भिजलेला, अंग लटलट कापत होतं. मी ओढून काढायला हात घातला तेव्हा त्यानं माझं मनगट तोंडात धरलं. घाबरून वेडा झालेला कुत्रा, आणि दात माझ्या कातडीला नुसते टेकलेले. तेवढ्या भीतीतही त्याचं तोंड मऊच राहिलं.

परतताना मोटरवेवर बायको मागच्या सीटवर त्याला मांडीत घेऊन बसली होती. "आत्ताच्या आत्ता फोन कर त्यांना."

"परवाच ऑपरेशन झालंय त्यांचं. हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाला काय सांगू?"

"जे झालं ते सांग."

"दोन दिवसांत होईल तो ठीक," मी म्हटलं.

तो ठीक झाला नाही. मायक्रोवेव्हचं दार लागलं की टेबलाखाली जायचा. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तो जिन्याखालच्या कपाटात शिरला आणि चार तास बाहेर आला नाही. बायकोनं कुकर वर ठेवून दिला आणि महिनाभर पातेल्यात डाळ शिजवली. पाच नोव्हेंबरला मी लाल गोलातलं सगळं केलं, पडदे, रेडिओ, डिशवॉशर. दुसऱ्या दिवशी सकाळी कीपरचा फोन आला. "कशी गेली?" मी सगळी तयारी बारकाईनं सांगितली. ते खूश झाले. "मला माहीत होतं," म्हणाले. "म्हणूनच तुला दिला." त्यातला प्रत्येक शब्द मी खरा सांगितला होता, आणि तरी फोन ठेवल्यावर मला स्वतःची शिसारी आली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी कीपर काठी टेकत रानात आले आणि बंदुकांपासून दोन शेतं मागे उभे राहिले. त्यांच्या उजव्या पायाशी कुत्रा, मी आदल्या संध्याकाळीच परत पोचवलेला, डाव्या बाजूला त्याची आई. मी हाकाऱ्यांच्या रांगेत होतो, बरगड्यांच्या आत कुणीतरी काठी आपटत असल्यासारखं होत होतं. पहिली बंदूक वाजली. आई बसून राहिली. पोरगं नांगरलेल्या शेतातून, काटेरी तारेतून, पांढऱ्या फाटकाखालून पळत सुटलं. आठही बंदूकवाल्यांनी मान वळवून पाहिलं. आम्हाला तो अर्ध्या तासानं ट्रॅक्टरच्या ट्रेलरखाली सापडला, तारेनं खांदा फाटलेला.

दुपारी सूप पिताना कीपर ट्रेलरच्या पायरीवर बसले होते, कुत्र्याचा कान बोटांत धरून. सहा-सात हाकारे भोवती उभे होते. कुणी टिंगल करत नव्हतं.

"बंदुकीला भिणारे कुत्रे दोन प्रकारचे," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "एक कुणा मूर्खानं भिववलेला. त्याला वेळ द्यायचा, जेवणाच्या वाडग्यापासून परत सुरू करायचं. येतो तो. असे तीन मी परत आणलेत. दुसरा ते रक्तातून घेऊन येतो. त्याला इलाज नाही." मग म्हणाले, "तुझ्याकडे काही झालं होतं का? कसलाही आवाज? नीट आठव. मी रागावणार नाही."

मी त्या क्षणाकडे पुष्कळदा परत गेलो आहे. ते रागावले नसते. मला तेव्हाही ते कळत होतं. पण भोवती ती माणसं होती, सूपचे कप हातात धरून, आणि मला दिसत होतं की मी 'दिवाळी' म्हणालो की त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटेल. कुणी एक अक्षर बोललं नसतं. पुन्हा सगळे माझ्याशी सभ्यपणे वागले असते.

"नाही," मी म्हटलं. "काहीच झालं नाही."

कीपरनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर ताबडतोब विश्वास ठेवला.

"मग मी ठेवतो त्याला घरी," मी घाईनं म्हटलं. "पाळीव म्हणून."

"नको. असा कुत्रा प्रत्येक दाराच्या आवाजाला थोडा थोडा मरतो. वर कुणीतरी त्याच्यापासून पिल्लं काढतं, आणि मग तीही भित्री. तो माझा आहे, जे काय करायचं ते मीच करीन. दहा दिवस बघतो."

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू एक वाक्य बोललास तर तो जगतो?"

"इतकं simple नाहीये ते."

"मग कसं आहे? सांग ना. एक वाक्य की दोन?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. मी रोज मेसेज लिहायचो आणि रोज पुसायचो. तीनदा फोन लावला आणि पहिल्या घंटीला बंद केला. नवव्या दिवशी मला झोप लागली नाही, आणि दहाव्या दिवशी मी ऑफिसमधून अर्धी रजा काढली. गाडीत मोठ्यानं म्हणून पाहिलं: माझ्या हातून चूक झाली, मी खोटं बोललो, तो भिववलेला आहे, त्याला वेळ द्या. चार वाक्यं. मला पाठ झाली होती.

मी पोचलो तेव्हा कुत्रा जिवंत होता. मला बघून सगळं अंग हलवत आला, तोंडात कीपरचा एक हातमोजा घेऊन, आणि माझ्या हातात ठेवला. कीपर कुत्रेघराच्या दारात उभे होते. भिंतीला छोटी रायफल टेकलेली.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "माझ्याजवळ तो हल्ली येत नाही. मी बंदूकवाला माणूस. तुझ्या हातचं खाईल."

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"आधी माझं ऐक." ते एकदम म्हातारे दिसत होते. "काल हिला डॉक्टरकडे नेऊन हिची पिशवी काढून घेतली." कुत्री आत पेंढ्यावर पडली होती, पोटावरचे केस भादरलेले आणि टाके. "या हिवाळ्यात शेवटचं वेत घेणार होतो हिचं. पण याच्यात आहे म्हणजे हिच्यातही आहे. दोन वर्षांपूर्वी हिचं एक पिल्लू असंच भित्रं निघालं होतं. तेव्हा मी त्या मालकाला शिव्या घातल्या, तूच भिववलंस म्हणून. उगीच घातल्या. काल पत्र टाकून माफी मागितली त्याची." त्यांनी नाक पुसलं. "वडिलांच्या वेळेपासूनची ओळ होती. संपली. खोटा माल मी लोकांना देणार नाही. बोल, काय सांगणार होतास?"

माझी चार वाक्यं तोंडात तयार होती. ती आता बोलली असती तर कुत्रा वाचला असता. आणि समोरच्या माणसाला कळलं असतं की त्यानं काल आपल्या हातानं जे संपवलं ते विनाकारण संपवलं. हे त्यांना सहन होणार नाही, असं मी ठरवून टाकलं. त्यांच्यावर दया करतोय, असंही मी त्या दोन-तीन सेकंदांत स्वतःला पटवलं. दया बिया काही नव्हती. मला माझी अब्रू वाचवायची होती.

"काही नाही," मी म्हटलं. "मला वाईट वाटतंय, एवढंच."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग वाडगा माझ्या हातात दिला, शिजवलेलं मटण आणि बिस्किटं घातलेला. "भिंतीपाशी ठेव आणि मागे हो. खाताना त्याला कळणार नाही. ही रायफल लहान आहे, आवाज होत नाही फारसा. आवाजाचीच भीती आहे ना बिचाऱ्याला."

मी वाडगा ठेवला. कुत्र्यानं खायच्या आधी माझ्याकडे पाहिलं, परवानगीसाठी. घरी आम्ही त्याला तशी सवय लावली होती. मी "हं" म्हटलं. त्यानं मान खाली घातली. मी मागे झालो.

आवाज खरंच फारसा झाला नाही. कुकरच्या झाकणाइतकाही नाही.

कीपरनी खड्डा आधीच खणून ठेवला होता. आम्ही दोघांनी त्याला उचललं. ते म्हणाले, "दोष त्याचा नव्हता." मी मान डोलावली.

घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. "सांगितलंस?"

"उशीर झाला होता," मी म्हटलं. तिनं माझ्या बुटांवरची ताजी माती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली. माळ्यावरून कुकर काढल्याचा आवाज आला. तिनं डाळ लावली. तीन शिट्ट्या होईपर्यंत आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर उभे होतो आणि कपाटाच्या दाराकडे बघत होतो. त्यानंतर ती माझ्याबरोबर वेम्बलीला आलेली नाही. मी काय केलं ते तिनं कुणाला सांगितलंही नाही, आणि ते मला जास्त जड जातं.

मी रानात जायचं बंद केलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. मी दर शनिवारी जातो. आता नारिंगी जॅकेट नाही, त्यांच्यासारखंच मातकट हिरवं घेतलं आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी कीपरनी सगळ्यांसमोर मला त्या तरुण कुत्र्याला बोलावायची शिट्टी दिली, शिंगाची, दोरीसकट. "त्याला शेवटपर्यंत माया लावली ती या माणसानं," ते म्हणाले. हाकाऱ्यांनी काठ्या जमिनीवर आपटल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी शिट्टी गळ्यात घातली.

त्याच दुपारी कुत्रीला टाके काढल्यानंतर पहिल्यांदा कामाला आणलं होतं. एक पक्षी पंख मोडून दरीत पळाला होता. ती गेली, बराच वेळ दिसली नाही, आणि मग वर आली ती सरळ माझ्याकडे. कीपर चार पावलांवर उभे होते, पण ती माझ्याकडेच आली. आधी माझ्या छातीवरची शिट्टी हुंगली. हुंगत राहिली, पक्षी तसाच तोंडात धरून. मग समोर बसली आणि मान वर केली. फेझंट जिवंत होता, एक पीसही मोडलेलं नव्हतं, डोळे उघडे. मी हात पुढे केला आणि तिनं तो माझ्या हातात ठेवला.

डोकं दोन बोटांत धरलं, खाली ओढलं, मागे वळवलं. एका झटक्यात झालं.

"आता जमतं तुला," कीपर म्हणाले.